इअरफोन कानात, पण ताटात काय?

सिद्धेश्वर हे औंढा नागनाथ तालुक्यातले पूर्णाकाठचे गाव. येथील धरणाच्या कालव्याने खाली वसमत-परभणीचे मळे भिजतात. गेल्या वर्षावासात या परिसरात जाण्याचा योग आला. विहारात ग्रंथवाचन आटोपले, वंदना झाली आणि नेहमीप्रमाणे सातबारा, पोटगी, रेशनकार्ड अशी कामे घेऊन माणसे जवळ बसली. पन्नाशी ओलांडलेली एक उपासिका मात्र कागद न घेता आली होती. तिने लुगड्याचा काठ वर करून पाय दाखविला. पायाला फडके गुंडाळलेले, करंगळी आणि शेजारचे बोट गेलेले. “मावशी, हे काहून झालं?” असे विचारले तर म्हणाली, “भाऊ, शुगरच्या गोळ्या बंद केल्या व्हत्या म्या. मोबाईलमधला डाक्टर म्हणला, गोळ्यानं किडनी जाते, पावडर घ्या. पोरानं मागवली. चार महिने घेतली.”

हा ‘मोबाईलमधला डाक्टर’ कोण, त्याची पदवी कोणती, पावडर कोणाची, यातले तिला काहीच ठाऊक नव्हते. कापूस वेचताना पोराचा जुना मोबाईल कमरेच्या पिशवीत ठेवून ती दिवसभर ऐकत असे. आवाज गोड होता, भाषा मराठी होती आणि तो माणूस तिला ‘माऊली’ म्हणत होता. सरकारी दवाखान्यात तिच्याशी इतके कोणी बोलले नव्हते. बंधू-भगिनींनो, हे शेवटचे वाक्य पुन्हा वाचा. अडाणीपणा म्हणून हसण्यावारी नेण्याची ही गोष्ट नाही.

तेवढ्यात बी.ए. करणारा एक तरुण म्हणाला, “सर, हे ऐकू नका, ते ऐकू नका, असं सगळेच सांगतात. मग ऐकायचं तरी काय?” प्रश्न बिनतोड होता. त्याचे उत्तर देण्याचा हा प्रयत्न आहे.

पॉडकास्ट म्हणजे हवा तेव्हा मोबाईलवर लावता येणारा रेडिओ. हा शब्द २००४ साली जन्मला, तेव्हा कान हेच शिक्षणाचे साधन असणे ही नवलाई आहे असे काहींना वाटते. आपल्याला तसे वाटण्याचे कारण नाही. ज्यांना अक्षर नाकारले गेले त्यांनी हजारो वर्षे कानानेच ज्ञान साठविले. तथागतांचा धम्म कित्येक पिढ्या मुखातून कानात आणि कानातून मुखात असाच टिकला. सुत्तांची सुरुवातच मुळी ऐकल्याच्या ग्वाहीने होते. बोधिसत्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३ ऑक्टोबर १९५४ रोजी आपले जीवनविषयक तत्त्वज्ञान आकाशवाणीवरून सांगितले आणि मे १९५६ मध्ये बुद्ध धम्म आपल्याला का आवडतो ते बी.बी.सी.वरून सांगितले. माध्यम नवे आहे म्हणून बाबासाहेबांनी नाक मुरडले नाही.

आरोग्य कानाने शिकण्याची एक सुंदर गोष्ट संयुत्त निकायात आहे. कोसलचा राजा पसेनदी द्रोणभर भात खाऊन धापा टाकीत तथागतांकडे आला. आहाराचे प्रमाण जाणण्याबद्दल तथागतांनी एक लहानशी गाथा सांगितली. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला ती पाठ करायला लावली आणि प्रत्येक जेवणाच्या वेळी ती आपल्याला ऐकविण्याची कामगिरी दिली. रोज शंभर कार्षापण वेतन ठरले. हळूहळू राजाचा आहार उतरत मापभर भातावर आला आणि अंग हलके झाले. यात विकायला पावडर नव्हती. मात्र हेही ध्यानात घ्या की तो सल्ला द्रोणभर खाणाऱ्या राजाला होता, उपाशी दासीला नव्हता. आजचे आरोग्याचे कार्यक्रम ऐकताना हा फरक पदोपदी आठवतो.

आता साक्षीदाराचा उलटतपास. कोर्टात साक्षीदार गोड बोलतो म्हणून आम्ही त्याची साक्ष मानत नाही. तू कोण, तुला हे कसे कळले, यात तुझा फायदा काय, एवढे तरी विचारतोच. केसपुत्त गावच्या कालामांना तथागतांनी हेच शिकविले आणि त्या यादीत पहिलेच नाव ऐकीव गोष्टीचे आहे. कार्यक्रमात बोलणारा ‘डॉक्टर’ नोंदणीकृत आहे काय? कार्यक्रमाच्या शेवटी तो काही विकतो काय? चालू औषध बंद करा असे सांगतो काय? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असेल तर पुढचे ऐकूच नका.

कायदाही आपल्या बाजूने आहे. औषधे व जादूटोण्याचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा १९५४ चा आहे. त्याच्या कलम ३ प्रमाणे अनुसूचीतील रोग बरे करण्याची जाहिरात करणे गुन्हा आहे आणि त्या अनुसूचीत मधुमेह आहे, कर्करोगही आहे. जाहिरातीच्या व्याख्येत तोंडी आणि ध्वनीद्वारे केलेली घोषणा सत्तर वर्षांपूर्वीच समाविष्ट केलेली आहे, म्हणजे मोबाईलमधला आवाज त्यातून सुटत नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम २१ खाली फसव्या जाहिरातीबद्दल उत्पादकालाच नव्हे, तर तिची भलामण करणाऱ्यालाही दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. जाहिरात मानक परिषदेने ऑगस्ट २०२३ मध्ये नियम केला की, आरोग्याविषयी सल्ला देणाऱ्या समाजमाध्यमी मंडळींनी आपली पात्रता उघड सांगावी. नियम आहेत, पण तक्रार करणारे नाहीत. त्या मावशीच्या पावडरीचा डबा आणि पावती जपून ठेवायला मी सांगितले आहे.

मग ऐकावे काय? मराठीत बी.बी.सी. मराठीची ‘सोपी गोष्ट’ आहे. ती केवळ आरोग्यासाठी नाही, पण आजार, लस, औषध असा विषय येतो तेव्हा थोडक्यात आणि आधार देऊन सांगतात. मनाच्या आरोग्यासाठी ठाण्याच्या इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थचे ‘आवाहन’ उपयोगी आहे. आपल्या वस्त्यांत दारू, परीक्षेतले अपयश आणि कर्ज यांनी किती घरे पोखरली ते सांगायला नको. तरीही मनाच्या डॉक्टरकडे जाणे म्हणजे वेडे ठरणे असा समज आहे, तो असल्या कार्यक्रमांनी सैल होतो. ‘अमुक तमुक’ मंडळींची ‘खुसपुस’ घरात दबक्या आवाजात बोलल्या जाणाऱ्या विषयांवर तज्ज्ञांना बोलते करते. भाषा पुण्यामुंबईची आहे, तेवढी सोसावी.

महाविद्यालयीन मुलांनी इंग्रजीही ऐकावे, भाषाही सुधारते. जागतिक आरोग्य संघटनेचा ‘सायन्स इन फाइव्ह’ नावाप्रमाणे पाचेक मिनिटांचा आहे, सुरुवात त्यानेच करा. बी.बी.सी.चा ‘द फूड चेन’ अन्नामागचे राजकारण आणि व्यापार सांगतो. वजन कमी करण्याच्या धंद्याचे आणि खोट्या आरोग्यशास्त्राचे वस्त्रहरण पाहायचे असेल तर ऑब्री गॉर्डन आणि मायकल हॉब्स यांचा ‘मेंटेनन्स फेज’ ऐका; अमेरिकन थट्टामस्करी फार आहे, पण कागदपत्रे वाचून बोलतात. ‘झो’ आणि स्टॅनफर्डचे प्राध्यापक ह्युबरमन यांचे कार्यक्रम जगभर गाजतात. त्यांत शिकण्यासारखे आहेच, मात्र पहिल्यामागे आहाराच्या चाचण्या व उत्पादने विकणारी कंपनी आहे आणि दुसऱ्यात पूरक पावडरींच्या जाहिराती येतात, हे ध्यानात ठेवून ऐकावे. विद्वानालाही तपासूनच घ्यावे लागते.

डॉ. जगन्नाथ दीक्षित यांचे नाव घेतल्याशिवाय मराठवाड्यात हा विषय पुरा होणार नाही. डॉ. श्रीकांत जिचकारांच्या मांडणीवरून त्यांनी ‘दिवसातून दोनच वेळा जेवा’ ही मोहीम चालविली. त्यांची व्याख्याने व्हॉट्सअॅपवरून गावोगाव पोहोचली. २०१८ च्या सुमारास दीक्षित की दिवेकर असा वाद मध्यमवर्गीय घराघरांत रंगला. ते औषध-पावडर विकत नाहीत आणि आधी रक्त तपासा असे सांगतात, याचे श्रेय त्यांना द्यावे. पण सिद्धेश्वरच्या त्या विहारात मी ‘दोनच वेळा’ म्हणालो तेव्हा बाया खळखळून हसल्या. “आमचं ते आधीपासूनच हाय,” असे एक म्हणाली.

येथेच या साऱ्या कार्यक्रमांचे मौन सुरू होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी-५ (२०१९-२१) नुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रिया आणि पाच वर्षांखालील ६८.९ टक्के बालके रक्तक्षयी आहेत, ३५.२ टक्के बालकांची उंची वयाच्या मानाने खुरटलेली आहे. ज्या राज्याचा हा ताळेबंद, तेथे आरोग्याचा कार्यक्रम चरबी घटविण्यापासून सुरू होतो आणि प्रथिनांच्या डब्यावर संपतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये भारतीयांसाठी १७ आहारसूत्रे प्रसिद्ध केली. त्यांत प्रथिनांच्या पावडरी टाळा, खऱ्या अन्नातून प्रथिने घ्या, असा स्पष्ट सल्ला आहे. उत्तम! पण ते खरे अन्न गरिबाच्या ताटातून काढले कोणी?

मार्च २०१५ मध्ये राज्यात बैल व वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली. ६ मे २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने कत्तलबंदी कायम ठेवली, परराज्यातून आणलेले मांस जवळ बाळगणे गुन्हा ठरविणारे कलम मात्र रद्द केले. माणसाने घरात काय खावे हा त्याच्या खासगी जीवनाचा भाग आहे, हे त्या निकालाने मानले. पण कागदावरचा निकाल बाजारात स्वस्त मांस आणून देत नाही. शालेय पोषण आहारात नोव्हेंबर २०२३ पासून आठवड्याला एक अंडे सुरू झाले होते. जानेवारी २०२५ मध्ये राज्य शासनाने त्याचा निधी बंद केला आणि शाळांनी लोकवर्गणी पाहावी असे सुचविले. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम प्रथिने असतात. सहा ग्रॅमसाठी लोकवर्गणी! राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ ने माणशी पाच किलो धान्याचा हक्क दिला, पण त्यात डाळ नाही.

आपल्या अन्नाची लाज बाळगायला आपल्याला शिकविले गेले. धाराशिव जिल्ह्यातील शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे पुस्तक २०१५ साली लिहून मराठवाड्यातील महार-मांगांचे खाणे नोंदविले. २०२४ मध्ये ते इंग्रजीतही गेले. वजडी, चान्या, रानातल्या भाज्या हे सारे तेथे नावानिशी आहे. ज्वारीची भाकरी, अंबाडी, तांदुळजा, घोळ, कारळाची चटणी, धरणातली मासळी यांत काय पोषण आहे यावर मराठीत अर्ध्या तासाचा कार्यक्रम आपल्याच मुलामुलींनी का करू नये? २०२३ साली ज्वारीला ‘श्री अन्न’ म्हणून गौरविले. आमच्या आज्यांनी तीच भाकरी हिणवणी ऐकत खाल्ली.

हळदीचेच पाहा. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. अमेरिकेत १९९५ साली जखमेवर हळद वापरण्याचे पेटंट दिले गेले होते; आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने झगडून ते १९९७ मध्ये रद्द करविले. आता तीच हळद गोळ्यांच्या रूपाने कार्यक्रमांतून विकली जाते. भाजीतल्या चिमूटभर हळदीचे कोणी वाईट म्हणत नाही, पण तिच्या अर्काच्या गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी अमेरिकी डॉक्टरांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केल्या आहेत. आणि ती हळद शिजविणाऱ्या, घोटणाऱ्या मजूर बायांच्या नाकातोंडात जाणाऱ्या धुळीबद्दल तर मला एकही कार्यक्रम सापडला नाही.

या सर्वावर माझी एकच शिफारस आहे: एकट्याने ऐकू नका. हे काही माझ्या डोक्यातून निघालेले नाही. १९५६ साली, ज्या वर्षी दीक्षाभूमीवर धम्मक्रांती झाली त्याच वर्षी, आकाशवाणी पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने महाराष्ट्रातील पाच जिल्ह्यांत सुमारे दीडशे गावांत रेडिओ ग्रामसभांचा प्रयोग केला. आठवड्यातून दोनदा गावकरी जमत, अर्धा तास कार्यक्रम ऐकत, मग चर्चा करीत आणि आपले प्रश्न केंद्राला कळवीत. टाटा समाजविज्ञान संस्थेने त्याची पाहणी केली. जेथे नुसता रेडिओ होता तेथील लोकांच्या माहितीत फारशी भर पडली नाही. जेथे ऐकून चर्चा झाली तेथे ती ठळकपणे वाढली. आवाज तोच, फरक शेजारी बसलेल्या माणसाचा होता.

आपल्याकडे तर ही सभा तयारच आहे. वर्षावासात आषाढ पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत एकजण ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ वाचतो, बाकीचे ऐकतात. वाचनानंतर वीस मिनिटे एक निवडक कार्यक्रम लावावा, आशाताईंना बोलवावे, विज्ञान शाखेच्या मुलामुलींपैकी एकाने इंग्रजीतले मराठीत सांगावे आणि ज्याला जो संशय येईल तो मोठ्याने विचारावा. त्या मावशी अशा सभेत बसल्या असत्या, तर ‘गोळ्या बंद करू काय?’ हा प्रश्न पावडरीच्या आधी आशाताईंच्या कानी पडला असता.

सिद्धेश्वरच्या तरुणांनी हे मनावर घेतले. पहिल्या रविवारी मधुमेहाचा विषय ठरला, लग्नातला स्पीकर मागून आणला, आशाताईंनी साखर तपासण्याचे यंत्र आणण्याचे कबूल केले. कार्यक्रम कोणता लावायचा यावर पोरांची वादावादी चालू होती, तेव्हा त्या मावशी मागून म्हणाल्या, “आधी म्या माझा पाय दाखविते सगळ्याला. मंग लावा तुमचं मशीन.”