एका वाटीचा प्रयोग



स्वयंपाकात काही नवीन करून बघायचं म्हटलं की मनात पहिला विचार येतो, "बिघडलं तर?" पीठ वाया जाईल, तेल वाया जाईल, घरात बोलणी बसतील. आणि फसलेला पदार्थ शेवटी आपल्यालाच एकटीला संपवावा लागेल. या भीतीनं वर्षानुवर्षं तेच ते चालू राहतं. मग पोरं भाकरी बाजूला सारून दुकानातल्या पाच रुपयांच्या पुड्याकडे पळतात आणि आपण म्हणतो, "आताच्या मुलांना घरचं आवडतच नाही."

यावर एक सोपी युक्ती आहे. घरचा स्वयंपाक नेहमीसारखाच करा. बाजूला फक्त एक वाटी पीठ प्रयोगासाठी ठेवा. जमलं तर पुढच्या वेळी परातभर करा. फसलं तर घरातल्या प्रत्येकाने एकेक घास खायचा, हसायचं आणि विसरून जायचं.

मुलांना सोबत घ्या

सुरुवात गमतीने करा. वाटीत थोडं पाणी घ्या, चिमूटभर हळद टाका. मग त्यात चिमूटभर खायचा सोडा घाला. पाणी लालसर होईल! आता लिंबू पिळा. फेस येईल आणि रंग पुन्हा पिवळा होईल. मुलं दहा वेळा करून बघतील.

ही काही जादू नाही. हळदीला सोडा, चुना किंवा साबण लागला की ती लाल होते. आंबट लागलं की परत पिवळी होते. म्हणूनच हळदीचा डाग साबणाने धुताना लाल दिसतो. ढोकळ्यात सोडा नीट मिसळला नाही, तर लाल ठिपके पडतात, त्याचंही कारण हेच.

दुसरा प्रयोग ज्वारीच्या लाह्यांचा. एक वाटी ज्वारीचे दोन भाग करा. एका भागावर पाण्याचा हलका हबका मारून झाकून ठेवा, दुसरा तसाच कोरडा ठेवा. थोड्या वेळाने दोन्ही वेगवेगळे भाजा आणि कुठे लाह्या जास्त फुटल्या ते मुलांना मोजू द्या. दाण्यातल्या ओलाव्याची वाफ होते आणि ती दाणा फोडून बाहेर येते. फार सुकलेला दाणा म्हणूनच नुसता करपतो. भाजण्याचं काम मात्र मोठ्यांनीच करायचं.

नाचणीला नवं नाव

१०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. तांदळापेक्षा ते कितीतरी पटीने जास्त. पण मुलं रंग बघूनच नाक मुरडतात. मग त्याच रंगाचा फायदा घ्या आणि "चॉकलेटी धिरडं" म्हणून ताटात वाढा.

एक वाटी नाचणीचं पीठ, दोन चमचे गव्हाचं पीठ, चिमूटभर मीठ आणि थोडी वेलची घ्या. पाव वाटी किसलेला गूळ पाण्यात विरघळवून त्यात घाला. पीठ सरसरीत भिजवून १५ मिनिटं ठेवा. तव्यावर तूप सोडून मंद आचेवर धिरडी घाला. आच मोठी ठेवली तर गुळामुळे ती लगेच करपतात.

हे जमलं की पुढचं सुचेल. कलिंगडाच्या सालीखालचा पांढरा भाग किसून थालिपिठात घालून बघा. शिळ्या भाकरीचा कुस्करा करून त्यात बेसन, कांदा घाला आणि वड्या थापा. दोडक्याच्या शिरांची चटणी आपण आवडीने खातो ना? तीसुद्धा कधीतरी कुणीतरी शिरा फेकून न देता करून बघितलीच असणार.

तीन नियम

१. एका वेळी एकच बदल करा. पीठही बदललं आणि गूळही वाढवला, तर चव कशामुळे बदलली हे कळणार नाही.

२. अंदाजाने नको, वाटी-चमच्याने मोजा.

३. वहीत लिहा. तारीख, काय घातलं, किती घातलं आणि कोण काय म्हणालं.

"एवढं लिहायचं कशाला?" असं वाटेल. पण उद्या हाच पदार्थ गटामार्फत विकायचा झाला तर हे लिहिलेलंच कामाला येईल. गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येतं ते पहिल्यांदा आवडलेल्या चवीसाठी. लाडू एकदा गोड, एकदा अगोड निघाले तर ते परत येत नाही. शिवाय वाटीचं प्रमाण लिहिलेलं असेल तर खर्च निघतो आणि खर्च निघाला की भाव ठरवता येतो.

इथे खेळ नको

बुरशी आलेले शेंगदाणे किंवा धान्य भाजून, धुऊनही वापरू नका. लोणचं मिठामुळे टिकतं; विकायच्या लोणच्यात मीठ कमी करायचा प्रयोग करू नका. ओळख नसलेली रानभाजी किंवा अळंबी घरात आणू नका. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नका.

ताई, पुढच्या बैठकीला येताना तुमच्या एका वाटीच्या प्रयोगाची नोंद घेऊन या. फसलेला असला तरी आणा. तुमचं काय चुकलं ते कळलं, तर दुसरीचं पीठ वाचेल. आणि प्रयोगाचा पहिला गरम घास तुम्ही स्वतः खा. सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं गार खाल्लं, तर करणारीला चव कळणार कशी?