तारण, पत आणि नियंत्रण : बँक ऑफ बॉम्बेच्या विलयाचा एक अभ्यास

१. प्रश्नाचे स्वरूप

कर्जास पुरेसे तारण असले म्हणजे ते सुरक्षित झाले, अशी खेड्यातील सावकारापासून शहरातील बँकरापर्यंत सर्वांची समजूत असते. एकेका कर्जाचा स्वतंत्र विचार केला तर ती बहुतांशी खरीही आहे. ऋणको बुडाला तर धनको तारण विकून आपली रक्कम वसूल करतो. परंतु या समजुतीच्या मुळाशी एक गृहीत दडलेले असते. ते असे की, तारणाची बाजारातील किंमत आणि बँकांनी दिलेली कर्जे या परस्परांपासून स्वतंत्र गोष्टी होत. हे गृहीत खोटे ठरते तेव्हा प्रत्येक कर्ज तारणयुक्त असूनही सारी पतव्यवस्था निराधार असू शकते.

या विधानाची सत्यता पडताळून पाहण्यास मुंबईच्याच इतिहासातील एक प्रकरण फार उपयुक्त आहे. १८४० मध्ये स्थापन झालेली बँक ऑफ बॉम्बे ही इलाख्यातील निमसरकारी बँक १८६८ मध्ये गुंडाळावी लागली. तिच्या विलयाची कारणे, त्यानंतर झालेली कायदेशीर सुधारणा आणि त्या सुधारणेच्या मर्यादा यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

२. कापसाची तेजी व १८६३ चा कायदा

अमेरिकेत १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटले. उत्तरेकडील आरमाराने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना होणारा कापसाचा पुरवठा तुटला. ही उणीव भरून काढण्यासाठी हिंदुस्थानच्या कापसाकडे धाव घेणे इंग्लंडला भाग पडले. हा कापूस आखूड धाग्याचा व कचऱ्याने भरलेला म्हणून एरवी दुय्यम मानला जाई. आता त्याचे भाव कित्येक पटींनी वाढले. निर्यातीच्या मोबदल्यात मुंबईत सोन्याचांदीचा ओघ सुरू झाला. या काळात नेहमीच्या उत्पन्नाहून किती अधिक संपत्ती मुंबईस मिळाली याचे अंदाज भिन्न आहेत, पण ती कोट्यवधी रुपयांची होती याविषयी वाद नाही. दिनशा वाच्छा यांनी १९१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात या कालखंडाचे तपशीलवार वर्णन केले आहे.

एवढा पैसा गुंतविण्याइतके उद्योग मुंबईत नव्हते. गिरणीधंदा बाल्यावस्थेत होता. त्यामुळे नव्या बँका, वित्तसंस्था आणि समुद्र हटवून जमीन मिळविणाऱ्या भरणी-कंपन्या एकामागून एक निघाल्या. बॅक बे भरणी-कंपनी ही त्यांतील सर्वांत गाजलेली होय. पाच हजार रुपये भरणा झालेल्या तिच्या भागाची (शेअरची) किंमत तेजीच्या भरात पन्नास हजारांच्या घरात गेली. जी जमीन अद्याप पाण्याखाली होती तिच्या भावी किमतीवर हा व्यवहार चालला होता.

याच सुमारास बँक ऑफ बॉम्बेच्या कायद्यात बदल झाला. १८६१ च्या कागदी चलन कायद्याने इलाखा बँकांचा नोटा काढण्याचा अधिकार सरकारने स्वतःकडे घेतला. बँकांचे उत्पन्नाचे एक साधन गेले. त्याची भरपाई म्हणून त्यांच्या व्यवहारांवरील जुनी बंधने सैल करण्यात आली. १८६३ च्या नव्या कायद्यान्वये बँक ऑफ बॉम्बेला संयुक्त भांडवली कंपन्यांच्या भागांवर कर्ज देण्याची मोकळीक मिळाली. तिचे भांडवल आरंभी सव्वाबावन्न लाख रुपये होते, ते वाढवून दोन कोटी नऊ लाख करण्यात आले. सट्टा शिगेला पोहोचत असतानाच बँकेच्या हातात मोठे भांडवल आले आणि भागांवर कर्ज देण्याची मुभाही आली. हा काळाचा योग पुढील अनर्थास कारण झाला.

३. तारणाचे चक्र

भागांवर दिलेले कर्ज व मालावर दिलेले कर्ज यांत महत्त्वाचा भेद आहे. कापसाच्या गठ्ठ्यांवर दिलेले कर्ज माल विकला गेला की त्या विक्रीतून फिटते. भागांवरील कर्ज मात्र सहसा लाभांशातून फिटत नाही. ते फिटण्यास तो भाग दुसऱ्या कोणी तरी चढ्या भावाने घ्यावा लागतो, आणि तो दुसराही बहुधा कर्ज काढूनच घेत असतो.

एका काल्पनिक उदाहरणाने ही क्रिया स्पष्ट होईल. एका व्यापाऱ्याजवळ स्वतःचे एक हजार रुपये आहेत. भागाची किंमत हजार रुपये आहे आणि बँक तारणाच्या तीन-चतुर्थांश इतके कर्ज देते. भाग गहाण ठेवून मिळालेल्या रकमेने पुन्हा भाग घेतले, ते पुन्हा गहाण ठेवले, असे करीत हा व्यापारी अखेर चार भागांचा धनी होतो. त्याची मालमत्ता चार हजारांची व देणे तीन हजारांचे होते. आता भागाची किंमत साडेबाराशे झाली असे समजू. मालमत्ता पाच हजारांची झाली, म्हणून बँकेच्या त्याच नियमानुसार पावणेचार हजारांपर्यंत कर्ज मिळू शकते. व्यापारी आणखी साडेसातशे रुपये उचलतो आणि आणखी भाग मागतो. शेकडो व्यापारी एकाच वेळी असे करू लागले की मागणीमुळे किंमत आणखी चढते आणि चढलेली किंमत आणखी कर्जास पात्र ठरते. बँकेने आपला नियम एकदाही मोडलेला नसतो, तरी कर्जांचा डोंगर वाढत जातो.

येथे आणखी एक भ्रम उत्पन्न होतो. कर्जाची रक्कम भाग विकणाराच्या हाती पडते आणि तो ती पुन्हा कोणत्या तरी बँकेत ठेवतो. कर्जे वाढतात त्याबरोबर ठेवीही वाढतात. वाढत्या ठेवी हे बचतीचे व जनविश्वासाचे गमक मानून संचालक निश्चिंत राहतात. वस्तुतः या ठेवींपैकी पुष्कळशा त्यांच्याच कर्जांच्या प्रतिबिंबासारख्या असतात.

उलट दिशेचा प्रवास अधिक वेगाचा असतो. वरील उदाहरणात मूळ हजार रुपये भाव पाऊण हजारावर आला, म्हणजे केवळ एक-चतुर्थांशाने उतरला, की चार भागांची किंमत तीन हजार होते आणि व्यापाऱ्याचे स्वतःचे भांडवल संपूर्ण नाहीसे होते. बँक तारण विकावयास काढते. इतर बँकाही तेच करतात. सर्वच विकणारे व घेणारा कोणी नाही अशा बाजारात भाव पाऊण हजारावर थांबत नाही. यापुढील प्रत्येक रुपयाची तूट बँकेच्या माथी येते. एका धनकोस तारण विकून सुटता येते, सर्व धनकोंना एकदम सुटता येत नाही.

४. घसरण

एप्रिल १८६५ मध्ये जनरल ली यांनी शरणागती पत्करली आणि युद्ध संपल्यात जमा झाले. कापसाचे भाव कोसळले. मुंबईत भागांचे पुष्कळसे सौदे वायद्याचे असून त्यांची मुदत १ जुलै १८६५ रोजी भरत होती. त्या दिवशी देणी चुकती करणे कोणासच शक्य झाले नाही. ज्याचे येणे बुडाले त्याचे देणेही बुडाले. बॅक बेच्या भागांचे भाव दोन हजारांच्याही खाली गेले. खुद्द बँक ऑफ बॉम्बेचा भाग तेजीत २,८५० रुपयांपर्यंत चढला होता, तो पुढे ८७ रुपयांना विकला गेला.

बँकेच्या कर्जांची छाननी झाली तेव्हा असे दिसून आले की, तारणाचा नियमही सर्वत्र पाळला गेला नव्हता. सट्टेबाजारातील अग्रणी प्रेमचंद रायचंद यांचे बँकेच्या चिटणिसांवर मोठे वजन होते. त्यांच्या शब्दाखातर मोठमोठ्या रकमा केवळ वैयक्तिक पतीवर देण्यात आल्या होत्या. याच प्रेमचंदांनी १८६४ मध्ये मुंबई विद्यापीठास दिलेल्या देणगीतून विद्यापीठाचे ग्रंथालय व राजाबाई मनोरा उभे राहिले. मनोरा १८७८ मध्ये पूर्ण झाला, तोपर्यंत देणगी देणाऱ्याची पेढी बुडून बारा वर्षे लोटली होती. बँकेचे भांडवल जवळजवळ सर्व नष्ट झाले. १८६८ मध्ये जुनी बँक विसर्जित करून एक कोटी भांडवलाची नवी बँक त्याच नावाने उभारण्यात आली.

५. चौकशी आणि १८७६ ची सुधारणा

सरकारने १८६८ मध्ये सर चार्ल्स जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला. आयोगाच्या निष्कर्षांत विलयाची कारणे तीन पातळ्यांवर विभागलेली दिसतात. पहिली कायद्याची : १८६३ च्या कायद्यात आवश्यक ते निर्बंध नव्हते. दुसरी माणसांची : चिटणिसांनी अधिकारांचा दुरुपयोग केला आणि संचालकांनी देखरेखीत हयगय केली. तिसरी काळाची : परिस्थितीच असाधारण होती. या तिहींपैकी कायद्यात दुरुस्ती करणे सर्वांत सोपे, म्हणून सुधारणेचा भर स्वाभाविकपणेच पहिल्या कारणावर पडला.

१८७६ च्या इलाखा बँक कायद्याने बंगाल, मुंबई व मद्रास येथील तिन्ही बँकांना कडक चौकटीत बसविले. तीन महिन्यांहून अधिक मुदतीचे कर्ज देण्यास, स्थावर मालमत्तेवर कर्ज देण्यास आणि परदेशी हुंडणावळीचा व्यवहार करण्यास त्यांना मनाई झाली. वचनचिठ्ठीवर किमान दोन स्वतंत्र सह्या आवश्यक ठरल्या. मालावर कर्ज द्यावयाचे तर माल अथवा त्याचे हक्कपत्र बँकेच्या ताब्यात असणे सक्तीचे झाले. सरकारने आपले भाग काढून घेतले आणि संचालक नेमण्याचा हक्कही सोडला.

ही सुधारणा निष्फळ ठरली असे म्हणता येणार नाही. १९१३ मध्ये देशात बँका बुडण्याची लाट आली तेव्हा तिन्ही इलाखा बँका अबाधित राहिल्या. परंतु त्या लाटेतच या सुधारणेची मर्यादाही उघड झाली. १८७६ चा कायदा केवळ तीन बँकांना लागू होता. लाहोरची पीपल्स बँक व मुंबईची इंडियन स्पेसी बँक त्याच्या कक्षेबाहेर होत्या. स्पेसी बँक तर चांदीच्या सट्ट्यात बुडाली. भागांची जागा चांदीने घेतली, चक्र तेच राहिले.

६. सुधारणेची दुसरी बाजू

कापसाच्या तेजीने शहराप्रमाणे खेड्यातही पत फुगविली होती. दख्खनमध्ये जमीनमोजणी व रयतवारी हक्क यांमुळे जमीन हस्तांतरणीय झाली होती. शेतमालाचे भाव चढताच तिचे तारणमूल्य वाढले आणि सावकारांनी कर्जे सढळ हाताने दिली. भाव उतरल्यावर त्यांनी हात आखडता घेतला, पण कर्जखते कायम राहिली आणि फेरपाहणीनंतर काही तालुक्यांत शेतसाराही वाढला. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे उठाव झाला आणि तो पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरला. ठिकठिकाणी लोकांनी कर्जखते हस्तगत करून जाळली. शहरातील भागांचे आणि खेड्यातील जमिनीचे तारणमूल्य एकाच रीतीने चढले व एकाच रीतीने उतरले. बँकेचा भागधारक भांडवलास मुकला, शेतकऱ्यावर जमिनीस मुकण्याची पाळी आली.

दोन्ही प्रश्नांवरील उपाय मात्र भिन्न होते. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने न्यायालयांना कर्जखताच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार दिला. त्याने जुन्या कर्जाची तीव्रता कमी झाली, नवी पत निर्माण झाली नाही. इलाखा बँका पूर्वीही शेतकऱ्यास कर्ज देत नव्हत्या हे खरे, परंतु स्थावराचे तारण व तीन महिन्यांवरील मुदत या दोहोंना मनाई झाल्याने ते दार कायद्यानेच बंद झाले. शेतकऱ्याजवळ जमिनीवाचून दुसरे तारण नसते आणि पीक तीन महिन्यांत हाती येत नाही. ही पोकळी भरण्याचा प्रयत्न १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्याने सुरू झाला. बँकेस सुरक्षित करणारा नियम पत कोणास मिळावी हेही ठरवीत असतो, ही गोष्ट सुधारणेच्या चर्चेत सहसा दुर्लक्षित राहते.

७. नंतरचे टप्पे

१९३५ मध्ये रिझर्व्ह बँकेचे कार्य सुरू झाले आणि १९४९ मध्ये बँकांसाठी स्वतंत्र व सर्वंकष कायदा झाला. स्वतःच्याच भागांवर कर्ज देण्यास बँकांना बंदी झाली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, परवाना देण्याचा व तपासणी करण्याचा अधिकार एका मध्यवर्ती संस्थेकडे आला. १९६० मध्ये अकोल्याची लक्ष्मी बँक व केरळातील पालई सेंट्रल बँक बुडाल्यानंतर ठेवींचा विमा उतरविण्याची योजना १९६२ पासून अमलात आली. सहकारी बँका १९६६ मध्ये बँकिंग कायद्याच्या कक्षेत आल्या, पण त्यांच्या कारभारावर राज्यांचे सहकार खातेही राहिल्याने नियंत्रण दुहेरी झाले.

या दुहेरीपणाचे परिणाम सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबईतील पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेच्या प्रकरणात दिसून आले. तिच्या कर्जांचा फार मोठा हिस्सा एकाच गृहबांधणी-समूहाकडे गेलेला होता आणि हजारो बनावट खात्यांच्या आड तो लपविण्यात आला होता. एका ऋणकोस किती कर्ज द्यावे याची मर्यादा कायद्याने घातलेली होती. उणीव नियमाची नव्हती, तो पाळला जातो की नाही हे पाहणाऱ्या दृष्टीची होती. त्यानंतर २०२० मध्ये विम्याची मर्यादा पाच लाख रुपये करण्यात आली आणि सहकारी बँकांवरील रिझर्व्ह बँकेचे अधिकार वाढविण्यात आले.

८. निष्कर्ष

वरील विवेचनातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. एक, तारणाचे मूल्य पतपुरवठ्यावर अवलंबून असते, म्हणून कोणते तारण चालेल व कोणते चालणार नाही याची यादी करून पतव्यवस्था सुरक्षित होत नाही. एकूण पत कोणत्या दिशेने व किती वेगाने वाढत आहे हे पाहिले पाहिजे. तेजीच्या काळात बँकांनी अधिक भांडवल राखून ठेवावे या उद्देशाने रिझर्व्ह बँकेने २०१५ मध्ये जी चौकट घालून दिली, तिचा तात्त्विक आधार हाच आहे. दोन, नियंत्रण ज्या सीमेवर थांबते तिच्या पलीकडे जोखीम गोळा होते. १८७६ नंतर ती इलाखा बँकांबाहेर गोळा झाली आणि पुढे दुहेरी नियंत्रणाच्या फटीत. तीन, आयोगाने दाखविलेल्या कारणांपैकी माणसांविषयीचे कारण कायद्याने सर्वांत कमी दूर होते. मोठ्या ऋणकोचे वजन चिटणिसांवर पडत असताना संचालक गप्प का राहिले, हा प्रश्न १८६८ मध्ये विचारला गेला. तोच प्रश्न २०१९ मध्येही विचारावा लागला.