हजाराचा हिशेब

पेणला मी गेले होते गणपती पाहायला. जुलैअखेरचा पाऊस कोसळत होता. पेण, हमरापूर, जोहे, कळवे या पट्ट्यात त्या दिवसांत घराघरात मूर्ती वाळत असतात. एका कारखान्यात दुपारभर बसून मीही साच्यात शाडू दाबून पाहिला. तिथेच एका मैत्रिणीचा फोन आला. रोहा तालुक्यातल्या कातकरी वाड्यांवर ती बरीच वर्षं काम करते. म्हणाली, "संध्याकाळी वाडीवर ये. इथल्या बाया गाण्यात आकडे गातात."

गाण्यात माहेर असतं, देव असतो, पाऊस असतो. आकडे कशाला? ते वाक्य डोक्यातून जाईना. नागोठण्याच्या पुढची गाडी धरली.

वाडीवर पोचले तेव्हा अंधार पडला होता. समाजमंदिराच्या पडवीत दहा-बारा बायका, तीन-चार पोरं आणि एक ढोलकी. नऊ ऑगस्टला, आदिवासी दिनाला, रोह्यात गाणं म्हणायचं होतं, त्याची तालीम चालली होती. चाल लग्नातल्या गाण्याची घेतलेली. चौथीत शाळा सुटलेली एक मुलगी शब्द वहीत उतरवून घेत होती.

माझी नजर मात्र कोपऱ्यात बसलेल्या म्हातारीवर खिळली. ती गात नव्हती. उजवा तळवा जोरात डाव्यावर आपटायची, मग बोटांची कड त्यावरून सपकन फिरवायची आणि हात उलटा करून मांडीवर ठेवायची. आपट, फिरव, पालथा. ढोलकीवाला पोरगा तिच्या हाताकडे बघून ठेका धरत होता. तिच्याजवळ जाऊन बसले, तेव्हा तिने माझी नखं पाहिली. नखांत शाडू अडकला होता.

"माती कालवलीस ग बाय?"

"गणपतीची, मावशी."

"आमची विटंची," ती म्हणाली आणि तिने पुन्हा हात आपटला. मग कळलं. चिखलाचा गोळा साच्यात आपटायचा, वरची जास्तीची माती हाताने कापून काढायची, साचा पालथा घालायचा. वीट पाडायची हीच रीत. तिच्या हातांनी इतक्या वर्षांत दुसरा ठेका शिकलाच नव्हता.

वीटभट्टीवर मजुरी दिवसावर मिळत नाही, हजाराला मिळते. हजार विटांचा एक भाव. नवराबायको मिळून पहाटे तीनला उठतात, आदल्या रात्री कालवून ठेवलेला चिखल साच्यात भरतात आणि ऊन चढेपर्यंत वाकून विटा पाडतात. "अकराशे पाडायच्या," म्हातारीने सांगितलं, "नि वहीत हजार लिवायच्या. वरच्या शंभर फुटीच्या." विटा वाळताना फुटतात, म्हणून शंभर आधीच कापून घ्यायच्या. फुटल्या तरी कापायच्या, न फुटल्या तरी कापायच्या. अवकाळी पावसात कच्च्या विटा विरघळल्या, तर तो तोटाही पाडणाऱ्याच्याच अंगावर.

अकराशे पाडायच्या, हजार लिवायच्या. मी नुसती मान डोलावली. त्यातला अन्याय मला हिशेबाने समजला नाही, गाण्याने समजला.

गाणं असं बांधलेलं होतं. पहिली बाई पहिला दिवस गाते: आज अकराशे पाडल्या, शंभर शेठच्या. दुसरी तीच ओळ उचलते आणि दोनशे करते. तिसरी तीनशे. एकेका बाईने एकेक दिवस अंगावर घेतलेला. ठेका तोच, आकडा तेवढा वाढत जातो, तसा आवाजही चढतो. दहावी बाई उभी राहते आणि सगळ्या मिळून म्हणतात: हजार विटा शेठला फुकट. एक अख्खा दिवस गेला, आणि तो कुठे गेला ते पडवीतल्या लहान पोरालाही दिसलं. कागद नाही, पेन्सिल नाही.

या बायकांपैकी बहुतेकींना वाचता येत नाही. वही शेठकडे असते. दिवाळीच्या आसपास घेतलेली उचल तीत असते, आठवड्याची खर्ची असते, आजारपणात घेतलेले पैसे असतात. पावसाच्या तोंडावर परतताना हिशेब होतो, बाकी निघते आणि ती फेडायला पुढच्या हंगामात पुन्हा तीच भट्टी. पोरांची शाळा दिवाळीला सुटते ती सुटतेच. अशा उचलीने बांधून घेतलेल्या मजुरीला १९७६ च्या कायद्यात नाव आहे: वेठबिगारी. मीही तिला दुसरं नाव देणार नाही.

कातकरी भट्टीवर आले कसे, ते त्यांच्या नावातच आहे. खैराच्या लाकडापासून काथ काढणारे ते कातकरी. १८७८ च्या वनकायद्याने जंगलाला सरकारी कुंपण पडलं, खैरावर कुऱ्हाड चालवणं गुन्हा ठरलं आणि जंगलात जगणारी माणसं दुसऱ्याच्या कोळशाच्या नि विटांच्या भट्ट्यांवर गेली. याच जिल्ह्यात, उरण तालुक्यात चिरनेरला, २५ सप्टेंबर १९३० रोजी जंगल सत्याग्रहावर गोळीबार झाला. त्यात पडलेल्यांमध्ये नाग्या महादू कातकरी होता. तालीम सुरू करताना या बायकांनी आधी त्याचं नाव घेतलं.

ऐकता ऐकता मला सुपे आठवलं. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि खतं रस्त्यावर आणून जाळली. जीव घेण्यापेक्षा कागद जाळणं त्यांना महत्त्वाचं वाटलं, कारण फास कागदाचा होता. पुढे सत्यशोधक जलशांनी नि आंबेडकरी जलशांनी निरक्षर माणसांसमोर तोच कागद मोठ्याने वाचून दाखवला. या पडवीतल्या बायकांचं गाणं मला त्याच घराण्याचं वाटतं. शेठची वही त्यांच्या हाती लागत नाही, म्हणून त्यांनी आपली वही गळ्यात केली. ती जाळता येत नाही आणि तिच्यात मागाहून आकडा घुसडता येत नाही.

मी विचारलं, "मावशी, गाण्याने बाकी फिटते का?"

"नाय फिटत," ती म्हणाली. "पन हिशेबाच्या दिशी आमी धाजणी उभ्या राहून ह्ये म्हनलो, तवा शेठची जीभ अडखळली."

मग एक वाद झाला. ढोलकीवाल्या पोराला वाटत होतं, हजार हा आकडा रोह्याच्या चौकात छोटा वाटेल. लाख म्हणू या, लोक टाळ्या वाजवतील. दोघीतिघींना पटलंही. म्हातारीने हात थांबवला, तशी ढोलकीही थांबली.

"लाख कुनी मोजल्या?" तिने विचारलं. "मोजलेलं गायाचं. न मोजलेलं शेठ लिवतो."

कोणी काही बोललं नाही. हजारच राहिले. कितीतरी संमेलनांतून कलेच्या सच्चेपणावर व्याख्यानं ऐकली. त्या पडवीत मला तो मोजून मिळाला.

निघताना मुलीची वही पाहिली. एका पानावर मराठी शब्द होते, साहेबांना कळावेत म्हणून. समोरच्या पानावर तेच गाणं कातकऱ्यांच्या काथोडी बोलीत, देवनागरीत उतरवलेलं, कारण म्हातारी मराठीत म्हणायला तयार नव्हती. शेवटच्या कडव्याची जागा मात्र दोन्हीकडे कोरी होती.

"हे राहिलंय का?" मी विचारलं.

"नाय ताई, ते औंदाचं हाय," मुलगी म्हणाली. "भट्टीवरनं आल्यावर भरायचं."

बाहेर पाऊस थांबला होता. आत पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरुवात झाली: अकराशे, शंभर.