शिर सलामत तर पगडी पचास

दुखणे हत्तीच्या पावलांनी येते आणि मुंगीच्या पावलांनी जाते, असे आपले वाडवडील सांगत. ते खरेच आहे. पण मुंगीसुद्धा एक दिवस वारुळात पोचते. दुखणे जाते. दवाखान्याचे कागद पिशवीत घालून माणूस घरी येतो. डॉक्टर सांगतात, "आता तुम्ही बऱ्या आहात. तीन महिन्यांनी दाखवायला या."

आणि तरीही काही माणसे घराचा उंबरठा ओलांडत नाहीत. असे का बरे होते?

समजा, बार्शी तालुक्यातल्या एका गावात एक बाई आहे. वय चाळीस. तिच्या छातीत गाठ निघाली. डावीकडचे स्तन काढावे लागले. मग केमोची औषधे झाली. किरणांचा उपचार झाला, ज्याला आपल्याकडे 'शेक' म्हणतात. वर्ष गेले. आता ती भाकरी थापते, शेळीला पाला टाकते. पण बाजाराला जात नाही. पिठाची गिरणी गाठते ती दिवस मावळल्यावर. डोईवरचे केस गेले, चेहरा काळवंडला, चोळी अंगावर लोंबू लागली. घरात दिराच्या मुलीचे लग्न निघाले. धाकटी जाऊ म्हणाली,

"अक्का, लगीन पंधरा दिवसांवर आलंय की. चला, बांगड्या भरून येऊ."

ती म्हणाली, "तू जा गं. माझं हे ध्यान घेऊन कुठं येऊ?"

ही गोष्ट एकाच बाईची नाही. अशा पुष्कळ बाया आहेत, पुरुषही आहेत. रोग गेला, पण त्यांचा धीर अजून खाटेवर पडून आहे. त्याला कसे उठवायचे, ते आपण पाहू या.

बरी होऊन परतणारी माणसे

पूर्वी कॅन्सर म्हटले की लोक आशाच सोडत. कारण रोग फार उशिरा सापडे. आता तसे राहिले नाही. आपल्या बार्शीतच नर्गिस दत्त यांच्या नावाचे कॅन्सर रुग्णालय आहे. १९८७ साली बार्शीला खेड्यांतल्या कॅन्सरची नोंद ठेवायला सुरुवात झाली. ग्रामीण भागासाठी अशी नोंद ठेवण्याचे काम भारतात पहिल्यांदा इथे झाले. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतल्या गावांत कार्यकर्ते गेले. गाठ, अंगावरून अवेळी रक्त जाणे, तोंडात न भरणारी जखम, ही लक्षणे त्यांनी लोकांना समजावून सांगितली. मग बाया लवकर तपासायला येऊ लागल्या.

पुढे १९९९ पासून शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, एक मोठे काम झाले. ३० ते ५९ वर्षे वयाच्या १,३०,००० हून अधिक बाया त्यात होत्या. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर लवकर कसा ओळखावा, हे त्यात पाहिले. हा कॅन्सर एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो. या विषाणूची तपासणी ज्या गटात एकदाच केली, त्या गटात या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. हे २००९ साली जगापुढे मांडले गेले.

याचा अर्थ काय? रोग लवकर सापडला, तर माणूस बरा होऊन गावात परततो. त्याला पुढे अजून संसार करायचा असतो, लेकरे वाढवायची असतात. तो चारचौघांत कसा वावरेल, हा प्रश्न दवाखान्याचा नाही. तो आपल्या घराचा आणि आपल्या गल्लीचा आहे.

केस का जातात?

कॅन्सरच्या पेशी भराभर वाढतात. केमोचे औषध अशा भराभर वाढणाऱ्या पेशींना मारते. पण केसांच्या मुळातल्या पेशीही भराभर वाढत असतात. औषधाला आपला-परका कळत नाही. म्हणून रोगाबरोबर केसही जातात. सगळ्याच औषधांनी केस जातात असे मात्र नाही.

शेतात तण काढताना चार चांगली रोपेही उपटली जातात. पण जमीन जागेवर असते. तसेच हे आहे. औषध संपल्यावर काही आठवड्यांत बारीक लव दिसू लागते. दोन-तीन महिन्यांत डोके बहुधा झाकले जाते. पहिले केस कधी कुरळे येतात, कधी मऊ, कधी वेगळ्या रंगाचे. त्याला घाबरू नये. पुढे ते बहुतेक पहिल्यासारखे होतात.

नवे केस कोवळ्या कोंबासारखे असतात. त्यांना जपावे. सौम्य साबण वापरावा. रुंद दातांचा कंगवा घ्यावा. कलप लावण्याची घाई करू नये. आधी डॉक्टरांना विचारावे. केस बोटभर झाले, की लगेच त्यांना गंगावन बांधू नये. त्याच्या ओढीने कोवळी मुळे दुखावतात.

तोवर डोके झाकावे, की उघडे ठेवावे? ज्याला जसे बरे वाटेल तसे करावे. झाकायचे असेल, तर सुती कापड घ्यावे. नायलॉन नको. ते डोक्यावरून घसरते आणि घाम कोंडते. सोलापूरचा उन्हाळा आपल्याला ठाऊकच आहे. चैत्र-वैशाखात पारा चाळिसाच्या वर जातो. डोक्याची आणि चेहऱ्याची कातडी अजून नाजूक असते. म्हणून भर दुपारी पदरावर छत्री घ्यावी. रात्री गारठा वाटला, तर जुना धुवट सोलापुरी टॉवेल डोक्याला गुंडाळावा. पुरुषांना तर टोपी आणि पटका आहेच. विकतचे खोट्या केसांचे टोप मिळतात. ज्याला हवा त्याने तो जरूर घालावा. पण उन्हात तो फार उकडतो, एवढे लक्षात ठेवावे.

चेहऱ्याचा आणि नखांचा काळेपणाही हळूहळू उतरतो. पण जिथे शेक दिला आहे, तिथली कातडी फार हळवी असते. तिथे पावडर, अत्तर, उटणे असे काही न विचारता लावू नये. तिथे घट्ट कपडा घासू देऊ नये.

कपडे शरीराला बसवावेत

दुखण्यात अंग वाळते, कधी औषधांनी सुजते. जुने कपडे अंगावर बसत नाहीत. माणूस म्हणतो, "पहिल्यासारखी तब्येत झाली म्हणजे मग बघू." आणि तोवर तो तेच ढगळ, मळके कपडे घालतो. आरशात पाहिले की दुखणेच दिसते. मग मन आणखी खचते.

असे करू नये. आज जे शरीर आहे, त्याला आजच नीट कपडा द्यावा. त्यासाठी नवी खरेदी लागत नाही. दोन चोळ्या उसवून शिंप्याकडून बेतून घ्याव्यात. शिंप्याला संकोच न करता सांगावे, "भाऊ, खांद्याला घट्ट नको. बाही सैल ठेवा." पुरुषांनी सदऱ्याची बाजू आत घ्यावी, पायजम्याला नवी नाडी घालावी. धुतलेला, इस्त्री नसली तरी घडीचा कपडा अंगावर असला, की पाठ आपोआप ताठ होते.

नीट राहणे म्हणजे मिरवणे नव्हे. आपण बरे आहोत, असे आपणच आपल्याला रोज सांगण्याची ती एक रीत आहे.

छातीचे ऑपरेशन झालेल्या बायांसाठी

एक बाजू सपाट झाली, की चोळी एकीकडे ओढली जाते. त्यासाठी घरीच मऊ सुती कापडाची उशी शिवता येते. जखम पूर्ण भरेपर्यंत तिच्यात फक्त कापूस भरावा. ती हलकी असावी. पुढे डॉक्टर 'हो' म्हणाले, म्हणजे तिच्यात थोडी मोहरी भरून वजन आणावे. म्हणजे ती वर सरकत नाही. चोळीला आतून खिसा शिवून ही उशी त्यात ठेवावी. धुताना मोहरी काढून घ्यावी, नाही तर ती भिजून खराब होते. अशा उशा विकतही मिळतात. ज्या बाईला उशी नको वाटते, तिने ती घालू नये. त्यात कमीपणा काही नाही.

आता हाताविषयी. ऑपरेशनमध्ये कधी काखेतल्या गाठीही काढतात. त्या काढल्या, की त्या बाजूच्या हातातले पाणी नीट वाहून जात नाही. मग हात सुजू शकतो. म्हणून त्या हाताला ओरखडा, भाजणे आणि काटा यांपासून जपावे. त्या हाताने भरलेली घागर उचलू नये. सुई टोचायला कोणी आले, तर कोणत्या बाजूचे ऑपरेशन झाले, ते आधी सांगावे. डॉक्टरांनी शिकवलेला हाताचा व्यायाम रोज करावा.

घट्ट बांगड्या त्या हातात भरू नयेत. हात दाबून बांगडी चढवताना कातडी खरचटते. इथे घरातली म्हातारी माणसे रागावतात. "सवाशिणीचा हात मोकळा कसा ठेवायचा?" असे म्हणतात. त्यांना शांतपणे समजवावे. चुडा दुसऱ्या हातात भरावा. या हातात सैलशी एखादी बांगडी असावी, सहज निघेल अशी. हात सुजला, की ती लगेच काढावी. रीतही राहते, हातही राहतो.

चेहरा बदलला तर?

तंबाखू, गुटखा आणि मिश्री यांनी तोंडाचा कॅन्सर होतो. जबड्याचे ऑपरेशन झाले, की चेहरा एकीकडे ओढला जातो. शब्द नीट उमटत नाहीत. माणूस मग बोलायचेच टाळतो.

शरद पवार यांचे उदाहरण सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. २००४ साली, लोकसभेच्या निवडणुकीच्या दिवसांत, त्यांच्या तोंडाचे ऑपरेशन झाले. चेहरा बदलला, उच्चार बदलले. तरी ते पुन्हा सभेत बोलायला उभे राहिले. २००९ साली ते आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या माढा मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले. त्यांचे राजकारण कोणाला पटो, कोणाला न पटो. पण हजारो माणसांपुढे त्या चेहऱ्याने आणि त्या आवाजाने ते बोलत राहिले. लोक चेहरा घटकाभर पाहतात. मग बोलणे ऐकू लागतात.

म्हणून बोलणे सोडू नये. घरात रोज मोठ्याने वाचावे. हे पुस्तकच घ्या. एक पान सावकाश, शब्द तोडून वाचा. पुरुषांनी दाढी वाढू देऊ नये. मात्र शेक दिलेल्या जागी वस्तरा लावू नये, कात्रीने केस बारीक करावेत. आणि तंबाखू व मिश्री कायमची सोडावी.

लोकांना काय सांगावे?

कॅन्सर शिवल्याने लागत नाही. एका ताटात जेवल्याने, एका कपात चहा प्याल्याने, मांडीवर लेकरू घेतल्याने लागत नाही. तरी काही घरांत बरी झालेल्या माणसाचा पेला वेगळा ठेवतात. तो वेगळा पेला माणसाला फार टोचतो. घरच्यांनी तो आजच इतर भांड्यांत मिसळून टाकावा.

'बिचारी' हा शब्दही घरात नको. तिच्या हातचे काम काढून घेऊ नये. तिला सल्ला विचारावा. लग्नाची यादी तिच्यापुढे ठेवावी.

बाहेरच्यांसाठी एक उत्तर आधीच ठरवून ठेवावे. कोणी विचारले, "काय झालं होतं गं?" तर म्हणावे, "कॅन्सर होता. उपचार झाले. आता बरी हाय." तीन वाक्ये पुरेत. पुढे आपणच विचारावे, "तुमची ज्वारी कशी आलीय?" म्हणजे बोलणे दुखण्यावरून शेतावर जाते.

एकदम बाजारात जाऊ नये. पहिल्या आठवड्यात अंगणात बसावे. दुसऱ्या आठवड्यात देवळापर्यंत चालावे. मग एका मैत्रिणीला घेऊन दुकानात जावे. मग बाजार. क्षय, लकवा किंवा भाजणे यांतून उठलेल्यांनाही हीच वाट आहे.

पण झोप लागत नाही, अन्न नको वाटते, जगणे नको वाटते, असे दोन आठवडे राहिले, तर ते नुसते लाजणे नव्हे. तोही आजार आहे आणि त्यालाही औषध आहे. जगणे नको वाटले, तर दोन आठवडेही थांबू नये. त्याच दिवशी घरच्यांना आणि डॉक्टरांना सांगावे. तसेच नवी गाठ दिसली किंवा हात सुजला, तर तपासणीच्या तारखेची वाट पाहू नये.

आता त्या बाईकडे वळू. समजा, जावेने एके दिवशी कासारालाच घरी बोलावले. तो म्हणाला, "वैनी, हात पुढं करा." तिने उजवा हात पुढे केला. मग हळूच म्हणाली, "डाव्यात एकच भरा, सैल. ऑपरेशन झालंय." कासाराने मान हलवली आणि बांगड्या मोजू लागला. एवढेच झाले. आभाळ कोसळले नाही.

लग्नाच्या दिवशी ती बेतलेली चोळी घालून मांडवात गेली. डोक्यावर पदर होता. पदराखाली बोटभर नवे केस होते.

शिर सलामत तर पगडी पचास, असे आपण म्हणतो. शिर डॉक्टरांनी वाचवले. पगडी आता आपण बांधायची आहे.