फुकटचा एसएमपीएस

पीसी असेंबल करायचा म्हटलं की हॉस्टेलवर प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डवर रात्रभर चर्चा रंगते. एसएमपीएसचं नाव निघालं की उत्तर ठरलेलं, "तो कॅबिनेटबरोबर फुकट येतो रे!" माझ्या मते घोडं इथेच पेंड खातं. भिंतीतल्या 230 व्होल्ट एसीचे 12, 5 आणि 3.3 व्होल्ट डीसी हाच डबा करतो. तो गेला तर जाताना मदरबोर्ड आणि हार्डडिस्कही नेऊ शकतो, म्हणजे तुमचं प्रोजेक्टसुद्धा!

मग पारखायचा कसा? मी आधी लेबलवरचा तक्ता वाचतो. आजचे प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मुख्यतः 12 व्होल्टवर चालतात. समजा, खोक्यावर 450 वॉट छापलंय, पण तक्त्यात 12 व्होल्टला 18 अँपिअरच आहेत. गुणाकार करा, 216 वॉट!

दुसरं, 2004 साली सुरू झालेलं '80 प्लस' हे चिन्ह विजेची बचत सांगतं, टिकाऊपणाची हमी देत नाही. म्हणून वॉरंटी किती वर्षांची ते विचारा आणि पक्कं बिल घ्या.

तिसरं, उष्णता. आतल्या इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरचं तापमान 10 अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्मं होतं, असा ढोबळ नियम आहे. तेव्हा कॅबिनेट भिंतीला चिकटवून ठेवू नका आणि फॅनवरची धूळ काढत जा.

घरचे पोटाला चिमटा घेऊन पैसे पाठवतात. प्रोसेसर एक पायरी खालचा घेतला तरी चालेल, एसएमपीएस मात्र चांगलाच घ्या. बघा, पटतंय का!