पहिला हप्ता कधी? हिंगोलीतल्या छोट्या धंद्यांची पंचवीस वर्षे

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. त्याच्या महिनाभर आधी, १ एप्रिलला, केंद्राची स्वर्णजयंती ग्राम स्वरोजगार योजना लागू झाली होती. त्यामुळे या जिल्ह्याचं आणि गटामार्फत गरिबाच्या धंद्याला पैसा पुरवण्याच्या या सरकारी खटाटोपाचं वय जवळपास एकच. दोघांनीही पंचविशी ओलांडली. या काळात गावोगाव शेळ्या आल्या, शिलाई मशिनी आल्या, पिठाच्या गिरण्या आणि मिरची कांडपाची यंत्रं आली. काही धंदे टिकले, बरेच मोडले. कर्ज किती मिळालं यापेक्षा पहिला हप्ता कधी भरायचा होता, हे विचारलं की त्यामागचं कारण लवकर सापडतं.

२०११च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या पावणेबारा लाखांच्या घरात होती आणि त्यातले शंभरातले पंच्याऐंशी लोक खेड्यांत राहत होते. सेनगाव, कळमनुरी, औंढा नागनाथकडे बरीचशी कोरडवाहू शेती, तर वसमत भागात कालव्याच्या पाण्यावर हळद आणि ऊस. २००६मध्ये रोजगार हमीचा केंद्रीय कायदा पहिल्यांदा देशातल्या ज्या मागास जिल्ह्यांत लागू झाला, त्यांत हिंगोली होतं. जमीन नाही किंवा असून नसल्यासारखी, अशी कितीतरी कुटुंबं दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीला जातात. पैसे आधी हातात, फेड पुढचे पाच-सहा महिने कोयत्यानं. धंद्यासाठी कर्ज देणाऱ्या प्रत्येक योजनेला या उचलीशीच सामना करावा लागला.

स्वर्णजयंती योजनेच्या आधी, १९८०पासून, एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम होता. थोडं अनुदान, थोडं बँकेचं कर्ज आणि दारात एक म्हैस. दूध कुठे घालायचं, उन्हाळ्यात वैरण कुठून आणायची, हा ज्याचा त्याचा प्रश्न. म्हैस आटली तरी हप्ता आटत नसे. त्या अनुभवानंतर स्वर्णजयंती योजनेनं गटावर भर दिला. गट सहा महिने नीट चालला की प्रतवारी, मग फिरता निधी, पुढे कर्ज आणि अनुदान. कागदावर हे शहाणपणाचं होतं. पण अनुदानावर डोळा ठेवून बांधलेले गट अनुदान पडलं की पांगले.

महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे माविम, याच काळात दुसऱ्या बाजूनं आलं. १९७५मध्ये स्थापन झालेल्या या महामंडळानं २००७पासून आंतरराष्ट्रीय कृषी विकास निधीच्या साहाय्यानं राज्यभर तेजस्विनी कार्यक्रम राबवला आणि गटांच्या वर लोकसंचालित साधन केंद्रं उभी केली. २०११नंतर ‘उमेद’ हे राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान टप्प्याटप्प्यानं जिल्ह्यांत पोहोचलं. गट, ग्रामसंघ, प्रभागसंघ अशी उतरंड लागली आणि नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, लेखे यांपासून सुरू होणारी दशसूत्री बायकांना तोंडपाठ झाली.

गटाच्या बैठकीत बसलं की हे यंत्र कसं चालतं ते कळतं. समाजमंदिरात सतरंजी, त्यावर दहा-बारा जणी, मधे पत्र्याची पेटी आणि वह्या. बचत गोळा होते, सचिव नाव घेऊन आकडा वाचते. एखादी सांगते, ‘औंदा खुरपणीची मजुरी अडकली, व्याज घ्या, मुद्दल पोळ्यानंतर देते.’ दोघी-तिघी कुरकुरतात, कारण पुढचा नंबर त्यांचा असतो. पण तिच्या घरची परिस्थिती सगळ्यांना ठाऊक असते, म्हणून तसा ठराव होतो. महिन्याला शेकडा दोन रुपये व्याज स्वस्त नव्हे. पण ते गटाच्याच पेटीत राहतं आणि हप्ता पुढे सरकवण्याचा अधिकार शेजारणींच्या हातात असतो.

२०१०मध्ये आंध्र प्रदेशात सूक्ष्म वित्त कंपन्यांवर निर्बंध आल्यानंतर या कंपन्यांनी इतर राज्यांत पाय पसरले. विदर्भ-मराठवाड्याच्या गावांतही त्यांचे वसुली अधिकारी मोटारसायकलवरून फिरू लागले. बँकेत खेटे नाहीत, तारण नाही, चार दिवसांत पैसे. अडचण एकच, हप्ता पुढच्याच आठवड्यापासून.

आता शेळीचा हिशेब मांडून बघा. शेळी पाच महिने गाभण असते. करडू बाजारात न्यायच्या लायकीचं व्हायला आणखी सात-आठ महिने. म्हणजे आज घेतलेल्या शेळीचा पहिला ठोक पैसा वर्षभरानं. तोवरचे पन्नास हप्ते येणार कुठून? रोजंदारीतून, नाहीतर दुसऱ्या कंपनीच्या कर्जातून. आठवडी बाजारात भाजी किंवा बांगड्या विकणारीला हाच हप्ता पेलतो, कारण तिचा गल्ला दर बाजाराला मोकळा होतो. शेळीवालीला मात्र तो बुडवतो. दुष्काळाची लागोपाठ वर्षं आणि त्यावर नोव्हेंबर २०१६ची नोटबंदी आली, तेव्हा हे दुसऱ्या-तिसऱ्या कर्जाचे मनोरे कोसळले. विदर्भ-मराठवाड्यात बायका कर्जमाफीसाठी रस्त्यावर आल्या. २०२०च्या टाळेबंदीनं उरलंसुरलं चव्हाट्यावर आणलं.

कमाई सुरू होण्याआधी हप्ता लावू नये, हा धडा घ्यायला जगानंही वेळ लावला. १९७६मध्ये बांगलादेशातल्या जोब्रा गावात मुहम्मद युनूस यांनी ४२ जणांना मिळून २७ डॉलर उसने दिले आणि छोट्या कर्जाची चळवळ जगभर गेली. पण त्याच देशातल्या ब्रॅक संस्थेनं २००२मध्ये वेगळा मार्ग धरला. अतिगरिबाला कर्ज न देता शेळ्या-कोंबड्यांसारखं साधन द्यायचं, ते कमावतं होईपर्यंत घरखर्चाला थोडे पैसे द्यायचे आणि दीड-दोन वर्षं घरी जाऊन पाठपुरावा करायचा. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी भारतासह सहा देशांत या पद्धतीचा अभ्यास केला. मदत थांबून वर्ष उलटल्यावरही बहुतेक ठिकाणी कुटुंबांची स्थिती सुधारलेली राहिली, असं त्यांनी २०१५मध्ये मांडलं. शेळी विकेपर्यंत घर कशावर चालणार, याची तिथे आधीच तजवीज होती.

हिंगोलीत हे सगळ्यात जास्त लागू पडतं ते हळदीला. पावसाळ्याच्या तोंडावर लावलेली हळद काढायला जानेवारी ते मार्च उजाडतो. मग शिजवणं, पंधरवडाभर वाळवणं, पॉलिश. पाच क्विंटल ओल्या हळदीची जेमतेम एक क्विंटल वाळकी हळद होते. वेचणीला, कांड्या मोडायला बायकाच असतात, पण मजुरीवर. केंद्राच्या अन्नप्रक्रिया योजनेत जिल्ह्याचं उत्पादन म्हणून हळद निवडली गेली, वसमतला हळद संशोधन केंद्र मंजूर झालं, २०२४मध्ये वसमत हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. आता गटांनी पूड करून पुड्या विकाव्यात, असं व्यासपीठांवरून सांगितलं जातं. सल्ला चुकीचा नाही. मात्र हळद एकदम घ्यावी लागते आणि पुडी वर्षभर थोडीथोडी खपते. त्यात परवाना, पॅकिंग, दुकानदाराची उधारी. अशा धंद्याला पहिल्या महिन्यापासून हप्ता लावणं म्हणजे भांडवलातूनच हप्ता भरायला लावणं.

रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०२२पासूनच्या नियमांत कर्जदाराच्या गरजेनुसार हप्त्यांमधलं अंतर लवचीक ठेवण्याचं धोरण कर्ज देणाऱ्यांनी आखावं, असं आलं आहे. कुटुंबाच्या महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त रक्कम हप्त्यांत जाऊ नये, हेही. पण कोणाचा पैसा पोळ्याला येतो आणि कोणाचा शिमग्याला, हे जिल्ह्याच्या शाखेतल्या संगणकाला कळत नाही, ग्रामसंघातल्या बाईला कळतं. कर्ज मंजूर करताना तिची शिफारस आपण घेतोच. हप्त्यांचं वेळापत्रकही तिच्याकडून ठरवून घ्यायला काय हरकत आहे?