न सापडणाऱ्या नावाचा शोध

चालता प्रोग्रॅम मध्येच थांबवायचा, डीबगरला 'प्रिंट टोटल' एवढंच सांगायचं, की पडद्यावर लगेच आकडा उमटतो. प्रोग्रॅमर आकडा बघतो आणि पुढच्या कामाला लागतो. पण जरा थांबून विचार केला तर थक्क व्हायला होतं. प्रोसेसरला 'टोटल' नावाचं काही ठाऊकच नसतं! त्याच्यापुढे असतात ती रजिस्टरं, मेमरीतले पत्ते आणि त्यांतले आकडे. माणसानं विचारपूर्वक ठेवलेल्या नावांशी त्याला काही कर्तव्य नसतं. मग डीबगरला ते नाव सापडलं कुठे?

आपण तशी सूचना दिली, तर कंपायलर मशीन कोडच्या जोडीला एक तपशीलवार नोंदवही लिहून ठेवतो. लिनक्सवर ती 'ड्वार्फ' नावाच्या स्वरूपात असते. त्याची पाचवी आवृत्ती 2017 साली प्रसिद्ध झाली. कोणत्या फाइलमध्ये कोणतं फंक्शन, त्याच्या पोटात कोणती व्हेरिएबल्स, कोणाचा प्रकार काय, हे सगळं त्यात नोंदलेलं असतं. 'टोटल कुठे आहे?' या प्रश्नाचं उत्तरही तिथेच मिळतं, पण ते दर वेळी तयार पत्ता म्हणून मिळत नाही. अनेकदा ते एक छोटंसं गणित असतं: या फंक्शनच्या स्टॅक फ्रेमपासून इतके बाइट मोजा. तेच व्हेरिएबल काही ओळींपुरतं रजिस्टरमध्ये आणि नंतर मेमरीत राहत असेल, तर त्याचीही नोंद करता येते.

आता शोध कसा चालतो ते पाहू. रिचर्ड स्टॉलमन यांनी 1986 साली लिहिलेला जीडीबी हा डीबगर आजही जगभर वापरला जातो. सी++ प्रोग्रॅममध्ये थांबलेल्या जीडीबीला एखादं नाव दिलं, की तो आतून बाहेर शोधत निघतो. आधी सध्याचा ब्लॉक, मग त्याला वेढणारा ब्लॉक, असं करत संपूर्ण फंक्शन. तिथे नसेल तर क्लास, मग नेमस्पेस: सर्वांत आतला आधी, त्याच्या बाहेरचा नंतर, आणि शेवटी कोणताही नेमस्पेस न लावता नुसतं नाव. या टप्प्यावर त्या फाइलपुरती मर्यादित नावं बघितली जातात आणि प्रोग्रॅमची व त्यात आलेल्या सगळ्या लायब्रऱ्यांची ग्लोबल नावंही.

इथेच या शोधाचा सगळ्यात विलक्षण गुण दिसतो. नाव सापडलं की शोध तिथेच थांबतो, म्हणून सापडणारं नाव स्वस्त पडतं. न सापडणारं नाव मात्र महाग! 'नाही' म्हणण्यापूर्वी प्रत्येक दार ठोठावावं लागतं. आणि 'नाही' हे उत्तर काही दुर्मीळ नसतं. टाइप करताना चूक होते. किंवा अजून लोडच न झालेल्या लायब्ररीतल्या फंक्शनवर कोणी ब्रेकपॉइंट लावतं. म्हणूनच जीडीबी आपल्या कॅशमध्ये सापडलेल्या नावांबरोबर न सापडलेल्या नावांचीही नोंद ठेवतो.

आता समजा, नेमस्पेसच्या शोधानं शेवटच्या पायरीवर ग्लोबल नावं तपासली आणि तो हात हलवत परतला. पुढे कित्येक वर्षांपूर्वी कोणीतरी लिहिलेला कोड उभा आहे. तो पुन्हा त्याच नावासाठी तीच ग्लोबल यादी चाळतो. हा दुसरा शोध कधी चालतो? पहिला फसल्यावरच. म्हणजे त्याच्या हाती कधीच काही लागत नाही, आणि तरी दर वेळी तो पूर्ण किंमत वसूल करतो! उत्तर चुकत नाही, त्यामुळे कोणी तक्रारही करत नाही. असा कोड वर्षानुवर्षं सुखानं नांदू शकतो.

मग तो खोडून टाकायचा, एवढंच ना? नाही. दिसायला अनावश्यक वाटणारी प्रत्येक पायरी अनावश्यक नसते. सगळ्या पायऱ्या संपल्यावर जीडीबी आणखी एक प्रयत्न करतो: इतर फाइलींमधली स्टॅटिक नावं धुंडाळतो. भाषेच्या नियमानं ती नावं इथून दिसायलाच नकोत. पण सोर्स कोडमधल्या टिपेतच त्याचं कारण दिलं आहे: हे काटेकोरपणे बरोबर नसलं तरी एरर दाखवण्यापेक्षा जास्त उपयोगी आहे. नियमावर बोट ठेवून कोणी ही पायरी काढली, तर हजारो माणसांची सोय जाईल.

दुसरा धोका याहून सूक्ष्म आहे. नोंदवही अवाढव्य असते, म्हणून जीडीबी सुरुवातीला फक्त सूची तयार करतो आणि सविस्तर नोंदी लागतील तशा वाचतो. म्हणजे नुसता शोध घेतल्यानंही डीबगरच्या आतली स्थिती बदलू शकते! शोधाच्या दोन हाका अक्षरशः सारख्या दिसल्या तरी दुसरी येईपर्यंत वाचलेल्या नोंदी वाढलेल्या असू शकतात.

म्हणून तसा दुबार शोध घेणाऱ्या दहा ओळी वगळणं म्हणजे एक सिद्धता मांडणं असतं. इथवर येणारी प्रत्येक वाट तपासायची, प्रत्येक वाटेवर हा प्रश्न आधीच विचारला गेला होता हे दाखवायचं, आणि दोन विचारण्यांच्या मध्ये उत्तर बदलूच शकत नाही हेही दाखवायचं. मग जीडीबीचा चाचणीसंच चालवायचा. नवी ओळ लिहिणाऱ्याचं आपला हेतू कळला तरी भागतं. ओळ वगळणाऱ्याला मात्र आधीच्या सगळ्यांचे हेतू उमजावे लागतात. या कामाचं मोल मला फार मोठं वाटतं.

जीडीबीचा सोर्स कोड सगळ्यांना खुला आहे. त्यातली 'सिमटॅब डॉट सी' ही फाइल उघडा आणि नाव शोधणारं फंक्शन सावकाश वाचा. प्रत्येक पायरीला एकच प्रश्न विचारा: तू इथे नसतीस, तर कोणतं उत्तर बदललं असतं? ज्या पायरीपाशी 'कोणतंच नाही' असं खात्रीनं म्हणता येईल, ती वगळण्याइतका तो कोड तुम्हाला समजला आहे.